गाजर गवत: फुलावर येण्याआधी उपटा!



पहिला पाऊस झाला की गायरानात, पांदणीच्या कडेला, धुऱ्यावर जमिनीला चिकटून गाजरासारख्या कातरलेल्या पानांचा गोल पसारा दिसतो. महिना-दीड महिन्यात मधून उभ्या रेषांचे, लव असलेले खोड निघते आणि शेंड्यावर बारीक पांढरी फुले येतात. हेच गाजर गवत. कोणी काँग्रेस गवत म्हणतो, कोणी चटक चांदणी. मूळ अमेरिका खंडातले. पुण्यात त्याची नोंद 1955 च्या सुमारास झाली आणि तिथून ते देशभर पसरले.

नावाला गवत, पण जनावर त्याला तोंड लावत नाही. त्यातील पार्थेनिन हे विषारी द्रव्य शेजारच्या रोपांची वाढ रोखते. त्यामुळे गायरानातला खरा चारा हटतो आणि हे उरते. उपाशी जनावराने चाऱ्यासोबत खाल्ले तर दूध कडू होते, तोंडात व्रण पडतात. जास्त पोटात गेले तर जनावर दगावते. निंदणाला जाणाऱ्या बायांच्या हाताला खाज आणि चट्टे येतात, परागकणांनी कोणाला दमा लागतो. कपाशीवरचा पिठ्या ढेकूणही याच झाडावर मुक्काम करतो आणि धुऱ्यावरून पिकात उतरतो.

मोठ्या झाडाला 10 ते 15 हजार बी धरते. म्हणजे आपण मजुरी मोजून वावर स्वच्छ करायचे आणि सडकेच्या, कालव्याच्या, गायरानाच्या पडीक जागेतून बी पुन्हा आपल्याच वावरात यायचे! सरकारी जमिनीवरच्या निष्काळजीपणाचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याने का सोसावा?

मेक्सिकोहून 1983 मध्ये बंगळुरात आणलेला भुंगा पावसाळ्यात याची पाने फस्त करतो. तो दिसेल तिथे फवारणी करू नका. पावसाआधी धुऱ्यावर तरोट्याचे बी फेका. तो दाट उगवून गाजर गवताला दाबतो. पण एवढ्याने भागणार नाही. आषाढ सरण्याआधी, जमीन ओली असताना, हाताला मोजे आणि तोंडाला फडके बांधून मुळासकट उपटा. फूल नसलेले खड्ड्यात कुजवून खत करा. फुललेले उकिरड्यावर टाकू नका. पोळ्यापर्यंत थांबलात तर बी पडून गेलेले असेल.

एकट्याचा धुरा साफ करून उपयोग नाही. प्रत्येक गावाने एक दिवस ठरवावा. ग्रामसभेत ठराव घ्यावा: गायरान आणि सडकेच्या कडा दरवर्षी फुलाआधी साफ व्हाव्यात, आणि त्याची मजुरी ज्याची जमीन त्याने द्यावी. ठरावाची प्रत जिल्हा बैठकीला घेऊन या.