मासे पकडायला जा!

मुलांनो, सर्कस म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? झोके, विदूषक, तारेवरची कसरत. युरोपातल्या जाणकार प्रेक्षकाला मात्र आधी आडनावं आठवतात! आपल्याकडे गाण्याची घराणी असतात ना, तशी तिकडे सर्कशीची घराणी. आजोबांनी वडलांना शिकवायचं, वडलांनी मुलांना. शाळा आज या गावात तर पुढच्या महिन्यात त्या गावात. (हेवा करू नका, तालमीला सुट्टी नसते!)

याची सुरुवात घोड्यांपासून झाली. फिलिप ॲस्टली या इंग्रज घोडेस्वार शिपायानं १७६८ साली लंडनमध्ये गोल रिंगणात कसरती दाखवायला सुरुवात केली. गोलच का? घोडा गोल धावला की त्याच्या पाठीवर उभ्या राहिलेल्या स्वाराला तोल सांभाळणं सोपं जातं. पुढे त्यानं रिंगणाचा व्यास ४२ फूट ठरवला, तो आजही बहुतेक ठिकाणी तसाच आहे. असली रिंगणं घेऊन युरोपातले सर्कसवाले जगभर हिंडू लागले. त्यांच्यापैकीच इटलीचे किआरिनी १८७९ मध्ये मुंबईला आले. त्यांचे खेळ पाहून आपल्या विष्णुपंत छत्र्यांनी इरेला पडून १८८० मध्ये स्वतःची सर्कस काढली, हे तुम्ही कधीतरी ऐकलं असेलच.

आज मात्र मला सांगायचंय ते जर्मनीतल्या दोन घराण्यांबद्दल.

पहिलं लॉर्श. हे ज्यू कुटुंब. डार्मश्टाट शहराजवळच्या एका खेड्यात त्यांचं घर होतं. त्यांची खासियत म्हणजे उताणं झोपायचं, पाय वर करायचे आणि तळपायांवर चक्क माणूस चेंडूसारखा उडवून झेलायचा! दुसरं घराणं आल्टहॉफ. या घरातल्या फ्रान्झ आल्टहॉफ यांची टुफी नावाची हत्तीण १९५० साली जाहिरातीसाठी वुपरटाल गावच्या टांगत्या रेल्वेत बसवली होती. ती घाबरली आणि डबा फोडून थेट खालच्या नदीत पडली. जवळजवळ काहीच लागलं नाही हो तिला!

या फ्रान्झचा धाकटा भाऊ म्हणजे ॲडॉल्फ. नावानं घोटाळा करून घेऊ नका. त्या काळी जर्मनीत दुसऱ्याच एका ॲडॉल्फचं राज्य होतं, हिटलरचं. ज्यू माणसांना आधी शाळांतून, नोकऱ्यांतून हाकललं, मग घरांतून उचलून मृत्यूच्या छावण्यांत न्यायला सुरुवात झाली. अशा दिवसांत, १९४१ च्या उन्हाळ्यात, ॲडॉल्फ आल्टहॉफ यांच्या सर्कशीचा तंबू डार्मश्टाटजवळ पडला. लॉर्श घराण्याची नात इरेने डानर खेळ पाहायला आली. अठरा वर्षांची पोर, सर्कस रक्तातच. तिथल्या पेटर बेंटो या तरुण विदूषकाशी तिची ओळख झाली, आणि दोघांचं प्रेम जमलं. पण कायद्यानं त्यांना लग्नाची बंदी, कारण इरेनेची आई ज्यू.

आल्टहॉफ यांनी तिला खोट्या नावानं कामावर घेतलं. पुढे तिची आई आणि बहीणही लपायला आल्या. वडील ज्यू नव्हते, ते सैन्यात होते. बायकोला सोडचिठ्ठी द्या असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी ते ऐकलं नाही, तेही सर्कशीतच आले. आजीला मात्र नाझींनी पकडून नेलं. ती परत आली नाही.

आता विचार करा, सर्कशीत नव्वदच्या आसपास कलावंत, शिवाय त्यांची बायकामुलं. एवढ्या जणांत अशी गोष्ट झाकून कशी राहणार? एकानं जरी रागाच्या भरात चुगली केली असती तरी लपणारे तर गेलेच असते, आल्टहॉफ आणि त्यांची बायको मारिया यांचीही धडगत नव्हती. आणि गुप्त पोलीस तर अधूनमधून तपासणीला यायचेच! पण बहुतेक वेळा आल्टहॉफ यांना आधी कुणकुण लागायची. मग निरोप जायचा, "मासे पकडायला जा." तो कानावर आला की ही मंडळी पटकन दडून बसायची. इकडे आल्टहॉफ पोलिसांना आग्रहानं खाऊपिऊ घालायचे, गप्पांत रमवायचे. साहेब तृप्त होऊन परत! ऐकताना गंमत वाटते, पण दरवेळी त्यांच्या पोटात किती मोठा गोळा येत असेल.

असं एक-दोन दिवस नाही, १९४५ साली युद्ध संपेपर्यंत चाललं. ते चौघंही वाचले. इतकंच काय, त्या लपाछपीच्या दिवसांतच इरेने आणि पेटर यांना मुलंही झाली. युद्ध संपल्यावर त्यांनी रीतसर लग्न केलं.

पुढे इस्राएलमधल्या याद वाशेम या संस्थेनं १९९५ मध्ये ॲडॉल्फ आणि मारिया यांचा गौरव केला. आपलं जिवावर उदार होऊन ज्यू माणसांना वाचवणाऱ्या परधर्मीयांना ती हा मान देते. ॲडॉल्फना तेव्हा ऐंशी उलटून गेली होती. आम्हा सर्कसवाल्यांत जात-धर्म बघत नाहीत, एवढंच त्यांचं म्हणणं. १९९८ मध्ये ते वारले. इरेने २००६ पर्यंत होती.