पोरांत दम आहे, शिकवणारे कुठे आहेत?

पहाटे पाचला कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर हायवेवर उभे राहा. ट्रकच्या उजेडात पोरं पळताना दिसतील. पोलीस भरतीवाली. रोज तेच अंतर, रोज जीव खाऊन. मागून मोटरसायकलवर अकॅडमीचे सर ओरडत असतात, "रक्त ओकलं तरी थांबायचं नाही!"

याला आपण कष्ट म्हणतो. मी अडाणीपणा म्हणतो. राग आला तरी चालेल.

मी स्वतः या रांगेत होतो. दोन वर्षं रोज सोळाशे मीटर फुल्ल पळायचो. वेळ सहा मिनिटांच्या खाली येईना, नडग्या मात्र अशा दुखायच्या की जिना उतरवत नव्हता. सर म्हणायचे, "तुझ्यात दमच नाही." मलाही ते खरं वाटलं. मग गावातल्या एका निवृत्त हवालदारांनी, जे रेजिमेंटच्या टीममधून पळायचे, सांगितलं, "आधी हळू पळायला शीक." चार दिवस गप्पा मारता येतील अशा वेगानं लांब पळणं, दोन दिवस चारशेचे तुकडे, एक दिवस पूर्ण आराम. पाच महिन्यांत ५ मिनिटं २४ सेकंद! पाय तेच, भाकरीही तीच. पण तोवर मी वयात बसत नव्हतो.

यात जादू काही नाही. सोळाशेला लागणारी बहुतेक ऊर्जा ऑक्सिजनवर तयार होते आणि ती क्षमता हळू, लांब पळण्यानं वाढते. मुलांना पूर्ण २० गुणांसाठी ५ मिनिटं १० सेकंद लागतात, म्हणजे चारशेची प्रत्येक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. तो वेग पायात बसवायचा तर मध्ये दम घेऊन चारशेचे सहा-आठ तुकडे मारावे लागतात. दम लवकर वाढतो, हाडं सावकाश तयार होतात. घाई केली की नडगी धरलीच. रोज परीक्षाच देणारा पोरगा अभ्यास कधी करणार?

आता कुणीतरी म्हणेल, "अविनाश साबळे काय कोच घेऊन जन्मला होता?" नव्हता. पण बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा हा पोरगा सैन्यात गेला, तिथं त्याला प्रशिक्षक आणि आखलेला सराव मिळाला. २०१८ मध्ये त्यानं ३००० मीटर स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम केला, ८ मिनिटं २९.८० सेकंद. २०२४ मध्ये तोच ८ मिनिटं ०९.९१ सेकंदांत पळाला. विक्रमवीर माणूस आणखी वीस सेकंद कमी करतो, ते शिव्या खाऊन होत नसतं.

आमच्या तालुक्याच्या क्रीडा संकुलाला पहाटे कुलूप असतं, म्हणून पोरं डांबरावर पळतात. पाटी लावली की अकॅडमी सुरू. शिकवणाऱ्याला काय येतं, हे कुणी विचारत नाही. बाप मात्र उसनवारी करून फी भरतो.

मागणी साधी आहे. संकुलं पहाटे पाचला उघडा. तालुक्याला एक तरी एनआयएस प्रशिक्षित कोच द्या. आणि पालकांनो, फी भरण्याआधी एकच विचारा, "आठवड्याचं वेळापत्रक कागदावर दाखवा." आरामाचा दिवस नसेल तर पैसे खिशात ठेवून घरी या.

घरात कुणी भरतीची तयारी करत असेल तर त्याला आज एवढंच सांगा, उद्या हळू पळ.