स्मृतिप्रीत्यर्थ

घरातलं कुणी गेलं की वर्षश्राद्धाच्या आसपास एक विषय हमखास निघतो. त्यांच्या नावाने शाळेत बक्षीस ठेवूया का? मग ठरतं, दहावीला संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्याला. हेतू चांगलाच असतो. पण गेलेला माणूस जसा जगला, त्याचा त्या बक्षिसात मागमूसही नसतो.

अशा वेळी मला कॅनडातली टेरी फॉक्सच्या नावाची शिष्यवृत्ती आठवते. टेरीचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल, त्याच्या नावाची दौड मुंबईतही झाली आहे. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ मध्ये, अठराव्या वर्षी, त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. १९८० मध्ये कर्करोग संशोधनाला पैसे जमवायला तो कृत्रिम पायावर कॅनडा ओलांडायला निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. मग आजार फुफ्फुसात पसरला. २८ जून १९८१ ला तो गेला.

त्याआधीची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. पाय गेल्यावर टेरीची केमोथेरपी चालू असतानाच रिक हॅन्सनने त्याला व्हीलचेअर बास्केटबॉल खेळायला बोलावलं. रिक स्वतः पंधराव्या वर्षी अपघातात कमरेखाली लुळा झालेला. तो नुसतं "धीर धर" म्हणून थांबला नाही, "खेळायला ये" म्हणाला! टेरी त्या खेळात तीनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या संघात होता. पुढे टेरीपासून स्फूर्ती घेऊन रिक १९८५ ते १९८७ मध्ये व्हीलचेअरवरून ३४ देश फिरला, ४०,००० किलोमीटरहून जास्त. यात कोण कुणाचा गुरू, सांगा बरं!

टेरीच्या स्मरणार्थ १९८२ मध्ये कॅनडा सरकारने ५० लाख डॉलरचा निधी देऊन तरुण विद्यार्थ्यांसाठी ही शिष्यवृत्ती सुरू केली. तिथे अभ्यास पाहतात, पण खेळ आणि लोकांसाठी केलेलं कामही पाहतात. नुसत्या मार्कांवर भागत नाही. टेरीच्या नावाला हे शोभतं.

यावर आपल्याकडचा आक्षेप मला पाठ आहे. मार्कांची यादी लावली की भांडण नाही, सेवा कशी मोजणार? वशिला लागेल. भीती खोटी नाही. पण वर्गातल्या मुलांना विचारून पाहा, अडलेल्याला कोण हात देतं ते त्यांना पक्कं माहीत असतं. शिक्षकांनाही असतं. मोजायला अवघड आहे म्हणून ते बघायचंच नाही, हे काही मला पटत नाही.

आणि अपंग मुलांसाठी काही ठेवायचं असेल तर आणखी एक. त्यांना स्टेजवर बोलवायचं, शाल द्यायची, फोटो काढायचा, टाळ्या वाजवायच्या, हा प्रकार आता पुरे. त्या पैशांतून वर्षभराचं रिक्षाभाडं द्या, मैदानावर खेळता येईल अशी व्हीलचेअर द्या. आणि त्या मुलाला सांगा, पुढच्या वर्षी तुझ्यासारख्या आणखी एकाला शोधून आण. रिकने टेरीसाठी याहून वेगळं काय केलं होतं?

असो. आपल्या नातेवाईकांपैकी कुणाच्या मनात असं काही असेल, तर पैसे बँकेत ठेवण्याआधी एकदा बोलूया का?