ऊसगाडीमागील अंधार

पुण्याहून नगरास एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं धांवली, ही गोष्ट या जिल्ह्यांतील लोक अभिमानानें सांगतात. आणि तो अभिमान योग्यच आहे. परंतु ज्या जिल्ह्यानें सार्वजनिक प्रवासाचा हा आरंभ पाहिला, त्यानें प्रवाशाच्या जीविताची काळजीही इतरांच्या आधीं वाहावी, अशी अपेक्षा केल्यास ती अवाजवी होईल काय? दिनांक २४ जानेवारी २०२४ रोजीं उत्तररात्रीं नगर-कल्याण रस्त्यावर, पारनेर तालुक्यांतील ढवळपुरी फाट्यानजीक, उसाचा ट्रॅक्टर, एक मोटार व एस.टी.ची बस यांच्या अपघातांत सहा माणसें प्राणांस मुकलीं. त्या रात्रीं दोष कोणाचा, हें ठरविणें न्यायासनाचें काम आहे. आमचा प्रश्न त्याहून व्यापक आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांत मोळी पडली, म्हणजे पुढील कांहीं महिने कोपरगांव, राहुरी, नेवासें, श्रीरामपूर या बाजूंचे रस्ते उसाच्या वाहनांनीं भरून जातात. एका ट्रॅक्टरामागें दोन ट्रेलर, त्यांच्या बाहेर लोंबणारा ऊस, आणि त्या उसाआड झांकलेला मागचा दिवा, हें दृश्य कोणास अपरिचित आहे? भरलेला ट्रॅक्टर ताशीं २० किलोमीटरांनीं चालला आणि मागून मोटार ८० किलोमीटरांनीं आली, तर दोहोंमधील अंतर दर सेकंदास सुमारें १७ मीटर तुटतें. काळोखांत तो भार ५० मीटरांवर दिसला, तर मोटारचालकाच्या हातीं अवघे तीन सेकंद उरतात. ‘काळच आला होता’ असें म्हणून आपण मोकळे होतों. पण हा काळ आपणच रस्त्यावर उभा केलेला असतो.

तथापि ट्रॅक्टरचालकास दोष देऊन भागणार नाहीं. वाहतुकीचा मोबदला टनावर ठरतो. अर्थात् भार अधिक आणि खेपा अधिक, तितकी कमाई अधिक. ज्याच्या डोक्यावर उचल फेडण्याचा बोजा आहे, त्यास सावधगिरीचा उपदेश फार वेळ ऐकूं येत नाहीं. म्हणून उपाय त्याच्या सद्‌बुद्धीवर न सोडतां कारखान्याच्या काट्यावर ठेविला पाहिजे. कांहीं कारखाने हंगामारंभीं, लोक ज्यास रेडियम म्हणतात त्या चकाकणाऱ्या पट्ट्या वाहनांस लावण्याचा समारंभ करतात, तें स्तुत्य आहे. परंतु समारंभाची पट्टी महिन्याभरांत धुळीनें व चिखलानें माखते. काटा मात्र प्रत्येक खेपेस वाटेंत येतो. तेथें वाहन परत लाविल्यास शेतकऱ्याचा ऊस वाळेल व वजन घटेल, हा आक्षेप खरा आहे. यास्तव आलेला ऊस उतरून घ्यावा. परंतु मागें तांबडा दिवा व स्वच्छ पट्टी दिसल्याखेरीज त्या वाहनास पुढील खेपेची चिठ्ठी देऊं नये. एवढा एक नियम पाळला गेल्यास दहा सुरक्षा-सप्ताहांचें कार्य होईल.

शहरवासीयांनीं मात्र हें वाचून आपण सुटलों असें मानूं नये. दुचाकीवर हेल्मेट घालणें १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें सक्तीचें आहे. हेल्मेटानें मृत्यूचा धोका सुमारें ४२ टक्क्यांनीं घटतो, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. तरीही २०२२ सालीं देशांत रस्त्यांवर मेलेल्या १,६८,४९१ लोकांपैकीं ५०,०२९ लोक हेल्मेटावांचून दुचाकीवर बसलेले होते. चौकांत पोलीस दिसतांच डोकीवर चढणारें आणि चौक ओलांडतांच आरशावर लटकणारें हेल्मेट दंड वांचवितें, प्राण वांचवीत नाहीं. तसेंच, ‘माल उद्यां पहाटें मुंबईस पोहोंचलाच पाहिजे’ असें बजावणारा व्यापारी चालकाच्या मोडलेल्या झोपेंत भागीदार असतो, हें आमच्या व्यापारी वाचकांनीं विसरूं नये.

प्रवरानगरास सहकारी साखर कारखाना उभारून या जिल्ह्यानें देशास एक वाट दाखविली. सहकारी कारखान्याचे मालक म्हणजे त्याचे सभासद. येत्या वार्षिक सभेंत टनाचा भाव विचारण्यास उभ्या राहणाऱ्या सभासदानें, आपला ऊस वाहणाऱ्या गाडीमागें दिवा आहे कीं नाहीं, हेंही संचालकांस विचारावें, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.