क्रेगीबर्नजवळची इतिहासाची पदवी

मेलबर्नच्या उत्तरेकडील क्रेगीबर्नमधून इतिहास शिकायला निघालेल्या विद्यार्थ्याला बंडूराचे ला ट्रोब विद्यापीठ जवळ पडते. १९६७ साली सुरू झालेल्या या विद्यापीठातील इतिहासकार ऱ्हिस आयझॅक आणि इंगा क्लेंडिनन यांनी विधी, पोशाख, घरांची रचना, हावभाव हेही दस्तऐवजासारखे वाचून दाखवले. आयझॅक यांना व्हर्जिनियावरील ग्रंथासाठी १९८३ चे पुलित्झर मिळाले. मराठी घरातल्या पदवीधराला ही नजर बखरी वाचतानाही उपयोगी पडावी. झाशीच्या राणीचे वकीलपत्र घेणारा जॉन लँग तर सिडनीजवळचाच. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांना जोडणारा हा दुवा अभ्यासक्रमात आवर्जून हवा. मात्र २०२१ मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी इतिहासाचे शुल्क दुपटीहून वाढून वर्षाला सुमारे १४,५०० डॉलर झाले. त्यामुळे ‘इतिहासच कशाला?’ या पालकांच्या जुन्या प्रश्नाला आता हिशेबाचीही जोड मिळाली आहे.