1 जूनची औलाद

माझी जन्मतारीख 1 जून. बापाची 1 जून. गल्लीत हाक मारून विचारा, अशा कितीतरी 1 जून निघतील. आई म्हणते, तू भर पावसात झालास. पण शाळा जूनमध्ये उघडायची, मास्तरानं तोंड बघून वय ठरवलं, तारीख ठोकली आणि मोकळा झाला.

नावांचंही तेच. बाबासाहेबांच्या मागं आमच्या आयांनी हौसेनं भीमराव, सिद्धार्थ, गौतम, रमा, सुजाता अशी नावं ठेवली. त्यापुढं कांबळे नाहीतर गायकवाड. घाटकोपरला "सिद्धार्थ कांबळे" म्हणून ओरडा, चार जण ओ देतील.

आता ही माणसं यादीत कशी दिसतात बघा. नोव्हेंबर 2025 मध्ये राज्य निवडणूक आयोगानं मुंबई महापालिकेची प्रारूप यादी काढली. नावं 1 कोटी 3 लाख. त्यात 11 लाखांवर नोंदी दुबार दिसल्या, त्या 4 लाख 33 हजार माणसांच्या असं सांगितलं. संशयिताच्या नावापुढं दोन तारे. आयोगानं घरी जाऊन पत्ता, लिंग, फोटो ताडायला सांगितलं, हे खरं. पण ताडण्याआधीच बोंब उठली : 11 लाख बोगस!

बोगस नाव कापाच. दोनदा शाई लावणारा माझा सोयरा नाही. पण नाव नावाला जुळलं म्हणजे माणूस माणसाला जुळला, हे कुणी ठरवलं?

अमेरिकेत कॅन्सस राज्यानं 2005 साली क्रॉसचेक नावाचा हाच उद्योग काढला. नाव, आडनाव, जन्मतारीख जुळली की दुबार. विद्वानांनी पुढं हिशेब मांडला : त्यांच्याच एका शिफारशीप्रमाणं कापाकापी केली तर एका दुबार मतामागं सरळ मतदारांच्या 300 नोंदी जातात. 2019 मध्ये कोर्टकज्जात ते गुंडाळलं. आणि तिथल्या जन्मतारखा मास्तरानं वाटलेल्या नव्हत्या.

मी गोदीत राबतो. लोखंडी कंटेनरला चार अक्षरं, सात आकडे. शेवटचा आकडा आधीचे सगळे तपासायला. एका डब्याचा नंबर दुसऱ्याला देत नाहीत. मतदार कार्डाचे नंबर मात्र वेगवेगळ्या राज्यांत दोघादोघांना एकच गेले. मार्च 2025 मध्ये भारताच्या निवडणूक आयोगानं ते मान्य केलं, वर सांगितलं की नंबर सारखा म्हणून मतदार खोटा ठरत नाही. च्यायला, मग नाव सारखं असल्यावर आमच्यावर संशय का?

घरोघरी जाऊन ताडणार म्हणे. रमाबाई आंबेडकर नगरात पुनर्विकास लागला. घरं पाडली, माणसं भाड्यानं पांगली. कर्मचारी कुठलं दार वाजवणार? झोपडीवर बुलडोझर येतो, यादीतलं नाव नव्या पत्त्यावर न्यायला कोण येतं?

1995 साली लालबाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बजावलंय : यादीतल्या माणसाला नोटीस न देता, त्याचं न ऐकता नाव काढता येत नाही. त्या खटल्यात दिल्लीसोबत मुंबईचेही मतदार होते.

महापालिकेची निवडणूक 15 जानेवारी 2026 ला उरकली. पुढच्या यादीआधी वॉर्डावॉर्डात जाऊन एकच मागा : जुळणी कशी केली ते मराठीत लिहून भिंतीवर लावा, जुळलेली दोन्ही नावं शेजारी-शेजारी. चेहरे आम्ही घेऊन येतो.