प्रबोधिनीच्या वाटेवरील मुलांना वेळेत खरे सांगा : पालक संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील प्रवेशाच्या शक्यतेचे मोफत व प्रामाणिक मूल्यमापन

महोदय,

आमची मुले-मुली खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जाण्यासाठी धडपडत आहेत. त्यांचा प्रवेश सोपा करा, असे आम्ही म्हणत नाही. निवड कठीणच असावी. उद्या यांच्या हुकमावर जवान जीव धोक्यात घालणार आहेत. आपला मुलगा किंवा मुलगी आज नेमकी कुठे आहे, हे घरच्यांना वेळेत आणि खरे कळावे, एवढेच आमचे मागणे आहे. सध्या हे सांगण्याचे काम बहुतांशी खासगी अकॅडम्यांकडे आहे. ज्याला फी घ्यायची आहे त्यानेच मुलाची शक्यता ठरवायची, ही व्यवस्था आम्हाला मान्य नाही.

सर्वांत मोठे नुकसान मेडिकलमध्ये होते. आमच्या एका सभासदाचा मुलगा दहावीनंतर दोन वर्षे निवासी अकॅडमीत होता. लेखी परीक्षा निघाली, सेवा निवड मंडळाची पाच दिवसांची निवड चाचणी (एसएसबी) पार करून तो रेकमेंड झाला, म्हणजे त्याची शिफारस झाली. नंतरच्या मेडिकलमध्ये डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांची पाने समोर धरली. ठिपक्यांत दडलेला आकडा बरोबरच्या मुलांनी पटकन वाचला, याला तो दिसेना. रंग ओळखण्यातला हा दोष जन्मजात असतो आणि त्यावर इलाज नाही. ती पाने नेत्रतज्ज्ञांकडे सर्रास असतात, तपासणीला काही मिनिटे पुरतात. अकॅडमीत प्रवेश देताना ती कोणी दाखवली नव्हती. वडिलांनी सोसायटीचे कर्ज काढून फी भरली होती.

याउलट नाकाचा वाकडा पडदा, हर्निया, हायड्रोसील, किडलेले दात यांवर उपचार होतात. फक्त ते आधी कळायला हवे. एसएसबीनंतर कळले, तर फेरतपासणीपर्यंतच्या (अपील मेडिकल) मोजक्या दिवसांत शस्त्रक्रिया उरकण्याची धावपळ होते. ऐन बारावीच्या वर्षात ती मुलाला परवडत नाही.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत निकडीची मागणी : प्रत्येक जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक ठरावीक दिवस दहावी झालेल्या इच्छुक मुलामुलींची मोफत प्राथमिक तपासणी व्हावी. डोळे, कान, दात, गुडघे, तळपाय, उंची, वजन पाहून साध्या मराठीत लेखी टिपण द्यावे. कोणता दोष बरा होण्यासारखा आहे, कोणता नाही आणि कोणत्या दोषामुळे फक्त एखादी शाखा बंद होते, हे त्यात वेगवेगळे लिहावे. उड्डाण शाखेचे दार बंद झाले म्हणजे भूदलाचेही झाले, असे नसते. हे माहीत नसल्यामुळे काही मुले हाय खाऊन नादच सोडतात. अंतिम निर्णय सैन्यदलाच्या वैद्यकीय मंडळाचाच राहील, हेही टिपणावर छापावे.

दुसरा प्रश्न गुणांचा. लेखी परीक्षा ९०० गुणांची आहे : गणित ३०० आणि सामान्य क्षमता ६००. एसएसबीलाही तेवढेच, ९०० गुण. २०२३ च्या पहिल्या परीक्षेत लेखीचा कटऑफ ३०१ होता आणि अंतिम यादीतला शेवटचा उमेदवार १८०० पैकी ६६४ वर होता. म्हणजे जेमतेम लेखी निघालेल्या मुलाला एसएसबीत किमान ३६३ गुण लागत होते. ही साधी वजाबाकी पालकांना कोणी करून दाखवत नाही. लेखी निघाली की गावात ‘सिलेक्शन’चा फ्लेक्स लागतो आणि पुढच्या वर्षीचे प्रवेश त्यावर भरतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. यशाची हमी देण्यास आणि निवड झालेल्याचा फोटो त्याच्या संमतीशिवाय वापरण्यास त्यांत मनाई आहे. राज्याने ती जिल्हा पातळीवर अमलात आणावीत. प्रत्येक अकॅडमीने दरवर्षी किती मुले घेतली, किती लेखी पास झाली, किती रेकमेंड झाली, किती मेडिकलमध्ये बाद झाली आणि किती प्रबोधिनीत दाखल झाली, हे आकडे दर्शनी भागात लावावेत. मुलींचे आकडे वेगळे द्यावेत. २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी खडकवासल्यात दाखल झाली, मे २०२५ मध्ये त्यांतल्या १७ जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. आम्हाला त्याचा मनापासून अभिमान आहे. पण मुलींच्या जागा अजून फार थोड्या आहेत. मुलांच्या आकड्यांवरून मुलीची शक्यता सांगणे ही तिची फसवणूक आहे.

अकॅडम्यांनी तासाभराच्या ‘ऑफिसर क्वालिटी टेस्ट’वरून टक्केवारी काढून देण्याचे प्रकार ताबडतोब थांबवावेत. एसएसबीत मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा अधिकारी आणि मैदानावरील चाचण्या घेणारा अधिकारी असे तिघे उमेदवाराला स्वतंत्रपणे जोखतात. ते काम एका छापील कागदावर होत नाही. सोळा वर्षांच्या मुलाला ‘तू ४० टक्के अधिकारी आहेस’ असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही.

अकरावीला शाखा निवडण्याआधी माध्यमिक शाळांतून मराठीत माहिती मिळावी, हीही आमची मागणी आहे. भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, हे पालकांना माहीत असते. पण गणिताचा पेपर सर्वांनाच द्यावा लागतो, हे कला शाखेतल्या मुलाला फॉर्म भरल्यावर कळते. हवाई दल व नौदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतेच. प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत असते, मराठीत नसते, याची तयारी नववीपासून करावी लागते. पदवीनंतर संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेची (सीडीएस) वाट खुली असते, हेही त्याच वेळी सांगावे. मुलांना प्रबोधिनीसाठी तयार करणारी छत्रपती संभाजीनगरची सेवापूर्व शिक्षणसंस्था १९७७ पासून राज्य शासनच चालवते. तिथल्या अनुभवी अधिकाऱ्यांना वर्षातून एकदा तरी प्रत्येक जिल्ह्यात मार्गदर्शनासाठी पाठवावे.

अकॅडम्यांचे नवे प्रवेश जूनमध्ये सुरू होतात. त्याआधी आरोग्य, शालेय शिक्षण आणि सैनिक कल्याण या तिन्ही विभागांची संयुक्त बैठक बोलवावी व आमच्या प्रतिनिधींना तिचे निमंत्रण द्यावे. जिल्हा रुग्णालयातील तपासणीचा नमुना अर्ज आम्ही तयार करून सोबत जोडला आहे.

आपले,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद पालक